बिनचाकरीचे वतन

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोते गडकोट, तह आणि स्वाऱ्या ऐकण्याच्या तयारीने येतात. आज आम्ही त्यांच्यापुढे ठेवणार आहोत तो इतिहास बोटभर रुंदीच्या एका कळीचा आहे. कळीचा मुद्दा असा शब्दप्रयोग आपण नेहमी करतो. येथे तो अक्षरशः खरा आहे. ही कळ संगणकाच्या कळफलकावर डाव्या बाजूस असते, तिच्यावर ‘कॅप्स लॉक’ अशी अक्षरे असतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा तिच्याशी संबंध येतो तो ती चुकून दाबली गेली म्हणजेच.

प्रथम तिची जागा पाहू. टंकलेखन शिकलेला मनुष्य बोटे ठेवतो ती मधल्या ओळीवर. डाव्या करंगळीखाली इंग्रजी ‘ए’ येतो, आणि त्याला चिकटून डावीकडे ही कळ. करंगळी किंचित सरकवली की झाले. कळफलकावर याहून सोयीची मोकळी जागा नाही. शिवाय ही कळ अक्षराच्या कळीहून जवळजवळ दुप्पट रुंद. उलट जी ‘कंट्रोल’ नावाची कळ मजकूर उतरवणे, चिकटवणे, जपून ठेवणे ह्या कामांसाठी दिवसातून शेकडो वेळा लागते, ती खालच्या कोपऱ्यात. तिच्यासाठी करंगळी मुरगाळून तळाशी न्यावी लागते. देवनागरी लिहिणाऱ्यास तर कॅप्स लॉकचा उपयोग शून्य, कारण आपल्या लिपीत मोठी अक्षरे आणि लहान अक्षरे असा भेदच नाही.

आपल्याकडे अशा व्यवस्थेला एक जुने नाव आहे: वतन. पूर्वजाने कधीकाळी चाकरी केली, त्याबद्दल गावातली चांगली जमीन मिळाली. पुढे चाकरी संपली, जमीन मात्र घराण्यात राहिली. परगणा व कुळकर्णी वतने मुंबई राज्याने 1950 च्या कायद्याने मोडली. कळफलकावरचे हे वतन मात्र अद्याप शाबूत आहे. ते कोणत्या चाकरीबद्दल मिळाले, आणि ती चाकरी संपल्यावर रयतेने त्याचे काय केले, हा आमचा आजचा विषय.

अमेरिकेतील मिलवॉकी गावी क्रिस्टोफर शोल्स आणि त्याचे सहकारी यांनी खटपट करून टंकयंत्र सिद्ध केले आणि 1874 पासून रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. बंदुका आणि शिवणयंत्रे करणारी ही कंपनी. त्या पहिल्या यंत्राला मोठी अक्षरेच उमटवता येत असत. 1878 साली रेमिंग्टनचे दुसरे यंत्र आले. त्यात प्रत्येक दांडीच्या टोकाला एकाऐवजी दोन खिळे बसवलेले होते, एक लहान अक्षराचा आणि एक मोठ्या अक्षराचा. एक कळ दाबली की कागद धरणारा रूळ गाड्यासकट जागचा हले आणि दुसरा खिळा कागदासमोर येई. गाडा ‘सरकतो’ म्हणून त्या कळीचे नाव ‘शिफ्ट’. आज काचेवर बोट टेकवणाऱ्या मुलालाही शिफ्ट हा शब्द ठाऊक असतो. त्या शब्दात एका लोखंडी गाड्याचे वजन आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

आणि ते वजन खरेच होते. गाडा उचलून धरणे हे करंगळीचे काम. एखाद्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे काढावयाचे असेल तर ते निभावते. पण करारनाम्याचा मथळा, जाहिरातीची ओळ, पक्षकारांची नावे सगळी मोठ्या अक्षरांत काढावयाची तर करंगळी थकून जाई, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनाही त्या ताणाचा उपद्रव होई. म्हणून शिफ्टच्या डोक्यावरच एक खिटी बसवली. ती दाबली की शिफ्ट खाली अडकून राहावी, पुन्हा शिफ्ट दाबली की सुटावी. हेच ‘शिफ्ट लॉक’. ते शिफ्टला लागूनच असणे भाग होते, कारण ते तिलाच अडकवणारे लोखंड होते. ‘ए’च्या शेजारची जमीन मिळाली ती ह्या चाकरीबद्दल. त्या काळापुरता विचार केला तर वतन न्याय्य होते.

शिफ्ट लॉकला एक खोड होती. गाडा सरकला म्हणजे सगळाच सरकला; अक्षरांबरोबर आकडेही बदलत आणि त्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत. बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत 1960 नंतरच्या दशकात काम करणारे अभियंते डग्लस केर यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे, की त्यांच्या वरिष्ठांच्या चिटणीस बाईंच्या हातून पत्त्यातील घरक्रमांकाच्या जागी अशी चिन्हे पडत, आणि त्यावरून अक्षरे तेवढी मोठी करील व आकड्यांना हात लावणार नाही अशी कळ त्यांना सुचली. शोधाचे श्रेय एका माणसास द्यावे की नाही हा वाद असू द्या. पण शिफ्ट लॉक आणि कॅप्स लॉक यांतला फरक नेमका हा आहे. पहिले लोखंडाचे कुलूप, दुसरे केवळ एक खूण. खुणेला विशिष्ट जागेची गरज नसते, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली तरी तिची निकड भासली नाही.

दरम्यान दुसऱ्या एका घराण्याचा उदय होत होता. संगणकाशी बोलण्यासाठी पुष्कळ ठिकाणी टंकलेखकाचे यंत्र घेतले गेले नाही. घेतले गेले ते तारेवर मजकूर पाठवणारे दूरमुद्रक यंत्र. 1963 चे टेलेटाइप कंपनीचे 33 क्रमांकाचे यंत्र त्यांत फार प्रसिद्ध. ते केवळ मोठीच अक्षरे छापी, तेव्हा त्यावर कॅप्स लॉकचा प्रश्नच नव्हता. त्यावर ‘ए’च्या डावीकडे होती कंट्रोल. तिचे काम गणिती होते. आस्की ह्या संकेतावलीत ‘जी’ अक्षराचा क्रमांक 71. कंट्रोल धरून ‘जी’ दाबला की त्यातून 64 वजा होऊन 7 राही, आणि 7 म्हणजे पलीकडच्या यंत्रातली खरीखुरी घंटा वाजे. ‘सी’चा 67, कंट्रोलसह 3. अक्षर छापावयाचे नसून आज्ञा द्यावयाची आहे असे सांगणारी ही कळ.

ह्याच यंत्रावर ‘पी’च्या शिरावर एक जवळजवळ पडीक चिन्ह होते: @. व्यापारी लोक ‘दराने’ ह्या अर्थी ते वापरीत, संगणकवाल्यांना त्याचे काम क्वचित पडे. 1971 साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडण्याची सोय केली, तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये टाकण्यास त्यांनी हेच चिन्ह निवडले. ते कोणाच्या नावात येत नाही हा त्याचा गुण. मात्र मल्टिक्स नावाच्या त्याकाळच्या एका संगणकप्रणालीत @ दाबले की लिहिलेली सबंध ओळ पुसली जाई. तेथील लोकांना पत्ता लिहिणे म्हणजे पंचाईत. आपल्याला जी जमीन पडीक दिसते ती दुसऱ्या कोणाच्या पिकाखाली असू शकते, ही गोष्ट पुढे आपणांस लागणार आहे.

कंट्रोल ‘ए’च्या शेजारी होती म्हणून कार्यक्रमलेखकांनी आपली साधने तिच्याभोवती उभारली. 1976 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत ‘ईमॅक्स’ हा मजकूर-संपादक निघाला. त्यात पावलोपावली कंट्रोल. त्याच सुमारास बर्कली येथे बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ लिहिला तो ए.डी.एम.-3ए ह्या पडद्यासमोर बसून. त्या कळफलकावर ‘एस्केप’ कळ ‘क्यू’ला लागून होती, म्हणून व्हीआयमध्ये एस्केप वारंवार दाबावी लागते. हातांच्या सवयी ह्या अशा पडतात: यंत्र जसे समोर येईल तशी साधने घडतात, आणि यंत्र मोडीत गेले तरी साधने राहतात.

1981 साली आय.बी.एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक आला. त्याच्या कळफलकावर कंट्रोल ‘ए’च्या शेजारीच होती आणि कॅप्स लॉक खाली, अंतरपट्टीच्या उजवीकडे. म्हणजे गोष्टी ठीक चालल्या होत्या म्हणा ना. पुढे 1985-86 मध्ये त्याच कंपनीने 101 कळांचा सुधारलेला कळफलक काढला, आणि त्यात कॅप्स लॉक ‘ए’च्या शेजारी जाऊन बसली, कंट्रोल तळाच्या दोन कोपऱ्यांत गेली. 1987 पासून तो कळफलक नव्या यंत्रांबरोबर सर्वत्र गेला, इतर कंपन्यांनी त्याची नक्कल केली, आणि आज आपल्या मेजावर आहे तो त्याचाच वंशज.

ह्यास अन्याय म्हणण्याची कार्यक्रमलेखकांची रीत आहे. आम्हांस ती पुरती पटत नाही. कचेऱ्यांतून काम करणारे लक्षावधी टंकलेखक 1961 पासून आय.बी.एम.चेच ‘सिलेक्ट्रिक’ हे विद्युत टंकयंत्र वापरीत आले होते, आणि त्यावर लॉकची कळ ‘ए’च्या शेजारीच होती. आता तीच माणसे संगणकासमोर येऊन बसणार होती. त्यांची बोटे मोडावीत की मूठभर कार्यक्रमलेखकांची? संख्येने प्रश्न सोडवावयाचा तर निकाल उघड होता. दोष इतकाच, की टंकलेखकाची ती पिढी हळूहळू निवृत्त झाली आणि निकाल तसाच राहिला. गाडा गेला, खिटी गेली, लांबलचक मथळे मोठ्या अक्षरांत काढण्याची चालही उतरली. उलट पत्रव्यवहारात सगळी अक्षरे मोठी काढणे हा आरडाओरडा समजला जाऊ लागला. वतनदाराकडे चाकरी अशी उरलीच नाही.

येथे ह्या इतिहासाला खरे वळण मिळते, आणि ते यंत्राच्या पोटात आहे. जुन्या टंकयंत्रात कळ आणि अक्षर पोलादाने जोडलेले असे. ‘के’च्या कळीतून ‘एम’ हवा असेल तर कारागिराकडे जाऊन खिळा काढून दुसरा डाखावा लागे. 1981 च्या संगणकात मात्र कळफलक अक्षर पाठवीतच नसे. तो पाठवी केवळ जागेचा क्रमांक: अमुक कळ दाबली, अमुक सुटली. अर्थ लावणे हे संगणकातल्या कार्यक्रमाचे काम. त्या क्रमांकांत कॅप्स लॉकचा 58 आणि डाव्या कंट्रोलचा 29. पुढे कळ खालच्या उजव्या बाजूची उठून वर डावीकडे आली तरी कार्यक्रमाला तिचा क्रमांक 58 असाच दिसत राहिला. जमीन बदलली, गट नंबर तोच.

ज्यांनी तलाठ्याचे दफ्तर पाहिले आहे त्यांना पुढचे सांगावयास नकोच. जमीन हलवता येत नाही, सातबाऱ्यावरचे नाव बदलता येते, आणि त्या बदलाला फेरफार म्हणतात. संगणकातही कोठेतरी एक तक्ता असतो: 58 आल्यास काय समजावे. त्या तक्त्यात ‘58 आल्यास 29 समजावे’ एवढी एक नोंद केली की कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल. कळीवरचे अक्षर तेच राहते, अर्थ बदलतो. मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत 1984 साली सुरू झालेल्या ‘एक्स’ ह्या चित्रप्रणालीबरोबर अशी नोंद करणारा एक छोटा कार्यक्रम येत असे, आणि त्याच्या माहितीपुस्तकात नमुना म्हणून दिलेले एक उदाहरण नेमके कॅप्स लॉक आणि कंट्रोल यांच्या अदलाबदलीचेच होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 2000 पासून प्रणालीच्या नोंदवहीत असा तक्ता ठेवण्याची सोय झाली. मात्र नोंद केल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे लागे, आणि नोंद लिहावयाची ती षोडशमान आकड्यांत, म्हणजे सामान्य माणसाने तलाठ्याशिवाय फेरफार करण्यासारखेच. 2020 मध्ये त्याच कंपनीने ‘पॉवरटॉइज’ ह्या मोफत संचात कीबोर्ड मॅनेजर दिला; त्यात डावीकडे जुनी कळ व उजवीकडे नवी कळ निवडली की काम होते.

ह्या सवलतीचे लोकांनी काय केले ते पाहिले म्हणजे गंमत वाटते, कारण प्रत्येकाने आपापली निकड त्या एका जागेत पेरली. ईमॅक्सवाल्यांनी तेथे कंट्रोल नेली, व्हीआयवाल्यांनी एस्केप. 2006 साली शाय कोलमन यांनी ‘कोलमॅक’ ही नवी अक्षररचना प्रसिद्ध केली, तीत तेथे मागचे अक्षर पुसणारी बॅकस्पेस आहे. माणूस सर्वांत जास्त काय करतो तर चुका, हा त्यामागचा रोकडा हिशेब. जपानी कळफलकावर त्या जागी इंग्रजी अक्षरांकडे नेणारी ‘एइसू’ कळ असते, आणि कॅप्स लॉक हवे असल्यास तीच शिफ्टसह दाबावी लागते. वतन काढून घेतले नाही, फक्त वतनदाराला मागल्या सोप्यात बसवले! जपानचेच एक ज्येष्ठ संगणकशास्त्रज्ञ एइती वादा यांच्या कल्पनेवरून 1996 मध्ये एक छोटेखानी कळफलक निघाला. त्यात कंट्रोल ‘ए’शेजारी परत आली. वादा यांचे म्हणणे असे, की अमेरिकेतील गुराखी घोडा मेला तर तो टाकून देतो पण खोगीर खांद्यावर घेऊन चालतो; संगणक घोडा आहे, कळफलक खोगीर.

मग एखाद्या कंपनीने हे वतन एका फटक्यात खालसा का करू नये? तसा प्रयोगही झाला. डिसेंबर 2010 मध्ये गूगलने आपल्या पहिल्या क्रोमबुकच्या नमुन्यावर कॅप्स लॉकच्या जागी शोधाची कळ बसवली. पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही मात्र येथे थोडे थांबतो. कारण वतनदार निरुपयोगी आहे हे म्हणणारे आपण कोण, हा प्रश्न मल्टिक्सच्या लोकांप्रमाणे येथेही उभा राहतो.

ज्या माणसाचा एकच हात चालतो, त्याला शिफ्ट धरून दुसरे अक्षर दाबता येत नाही. त्याला कॅप्स लॉक ही चैन नसून आधार आहे. अभियंत्यांच्या नकाशांवरील मजकूर अजूनही मोठ्या अक्षरांत काढण्याची चाल आहे. आणि सर्वांत मोठे उदाहरण अंध वाचकांचे. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा मोफत कार्यक्रम ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी 2006 मध्ये सुरू केला. त्याला आज्ञा देण्यासाठी एक स्वतंत्र कळ लागते. ती मुळात ‘इन्सर्ट’ असली तरी कॅप्स लॉक निवडण्याची सोय आहे, आणि मांडीवरच्या लहान संगणकावर ती फार सोयीची पडते, कारण तेथे इन्सर्ट कोठे दडवलेली असेल याचा नेम नसतो. ती कळ एकदा दाबून धरली की आज्ञा, लागोपाठ दोनदा दाबली की नेहमीचे कॅप्स लॉक. डोळसांच्या लेखी पडीक पडलेली जमीन येथे बारमाही पिकाखाली आली आहे. ती कळ कारखान्यातच कापून टाकली तर ह्या वाचकाचा हात तोडल्यासारखे होईल. क्रोमबुकच्या कर्त्यांनी शोधाच्या कळीला पुन्हा कॅप्स लॉक करण्याची मुभा सुरुवातीपासून ठेवली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

म्हणून फेरफाराचा अधिकार ज्याची बोटे त्याच्याकडे असावा आणि कारखानदाराने जमीन तेवढी शिल्लक ठेवावी, असे आमचे मत आहे. त्यालाही एक अट आहे. ग्रंथालयातील किंवा कचेरीतील सामाईक यंत्रावर एकाने गुपचूप फेरफार करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी बसणाऱ्याला यंत्र बिघडले असे वाटते. सामाईक जमिनीच्या नोंदीला सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, तसेच हे.

आता आपल्या दाराशी येऊ. मराठी टंकयंत्रावर शिफ्टचे काम मोठ्या अक्षराचे नव्हते. एकाच कळीवर दोन निरनिराळी अक्षरे किंवा अर्धी अक्षरे बसवलेली असत. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 1986 मध्ये इनस्क्रिप्ट ही रचना सिद्ध केली, आणि 1991 च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तीत शिफ्टला आपल्या वर्णमालेला साजेसा अर्थ दिला आहे: साध्या कळीवर क, शिफ्टसह ख, साध्या कळीवर ग, शिफ्टसह घ. अल्पप्राणाचा महाप्राण करणारी शिफ्ट! असल्या शिफ्टला कुलूप घालून काय साधणार? सलग महाप्राणांचाच मजकूर कोणी लिहीत नाही.

पण मराठी माणसाची एक वेगळी निकड होती. सरकारी टिपणात ओळीत तीनदा मराठीतून इंग्रजीत आणि परत यावे लागते. पुण्याच्या सी-डॅक ह्या 1988 साली स्थापन झालेल्या संस्थेने ‘आय.एस.एम.’ नावाचा भाषांचा कार्यक्रम काढला. सुरेख, योगेश ह्या अक्षरवळणांबरोबर तो महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे चालला. त्यात भाषा बदलण्यासाठी नवी कळ बनवली नाही. कळफलकावर ज्या कुलूपवजा कळा आधीच होत्या, त्यांतली एक निवडण्याची सोय ठेवली, आणि अनेक कचेऱ्यांत निवड झाली ती ‘स्क्रोल लॉक’ची. ही तर कॅप्स लॉकहूनही अधिक बेकार कळ. 1981 च्या यंत्रावर ती ठेवली ती बाणांच्या कळांनी खूण न हलता पान सरकावे म्हणून. पुढे हिशेबाच्या तक्त्यांच्या कार्यक्रमांनी तिची आठवण ठेवली, बाकी जग तिला विसरले. एक्सेलमध्ये बाण दाबले असता चौकट न हलता सगळा तक्ताच सरकू लागला, की समजावे कोणीतरी तिला नकळत जागे केले आहे.

त्या कळीवर लिहिलेले इंग्रजी शब्द आमच्या कचेऱ्यांतील किती लिपिकांनी वाचले असतील, याची आम्हांस शंका आहे. एकदा दाबली की मराठी आणि पुन्हा दाबली की इंग्रजी, एवढीच त्यांच्या लेखी त्या कळीची ओळख होती.